गाडी किती देते?

(बी. ए. भाग २)

एके काळी सोलापूरचा कामगार गिरणीचा भोंगा ऐकून पायी कामाला निघत असे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या गावातच होत्या आणि कामगारांच्या वस्त्या त्यांच्या आजूबाजूला होत्या. पुढे त्या गिरण्या बंद पडल्या. उद्योग यंत्रमागावर आला, टॉवेल आणि चादरींचे कारखाने अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.त उभे राहिले आणि राहती घरे त्याहूनही पुढे, कुंभारीच्या माळावर गेली. तेथे २००६ साली विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरची पंधरा हजार घरे श्रमिकांच्या हाती आली. राहणे एकीकडे, काम दुसरीकडे आणि कॉलेज तिसरीकडे, अशी आता अनेक कुटुंबांची स्थिती आहे. ही तिन्ही टोके जोडते ती मोटारसायकल.

म्हणूनच आमच्या भागात कोणाच्या दारात गाडी लागली की शेजारी रंग किंवा किंमत नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, ‘किती देते?’ म्हणजे एका लीटरमध्ये किती किलोमीटर धावते. उत्तर देणाराही छातीठोकपणे एक आकडा सांगून मोकळा होतो. हा आकडा कोठून येतो, तो रोज सारखाच असतो काय, आणि तो वाढवणे आपल्या हाती कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. परंतु माझे वडील एम.आय.डी.सी.त यंत्रमागावर आहेत, आई घरी विड्या वळते, आणि घरात जुन्या बाजारातून घेतलेली दीडशे सी.सी.ची एक गाडी आहे. तीच गाडी वडिलांना कारखान्यावर सोडते आणि मला कॉलेजला आणते. तेव्हा पेट्रोलचा हिशोब हा आमच्या घरचा दर महिन्याचा विषय आहे.

मध्यम गाडी म्हणजे कोणती?

पूर्वी मोटारसायकल म्हटली की बुलेट, राजदूत आणि येझदी ही नावे डोळ्यांपुढे येत. यांपैकी राजदूत आणि येझदी या टू-स्ट्रोक गाड्या. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर जात असतानाच पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण आत येते, आणि त्यातील काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो. फोर-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे क्रमाने होतात, त्यामुळे ही गळती फार कमी असते. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० ही छोटी फोर-स्ट्रोक गाडी आली आणि सामान्य माणसाच्या तोंडी ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द कायमचा बसला.

शंभर सी.सी.ची गाडी काटकसरी खरी, पण डबल सीट आणि वर गठ्ठा घेतला की तिला धाप लागते. बुलेट भारदस्त, पण तिची किंमत आणि पेट्रोल दोन्ही कामगाराच्या आवाक्याबाहेरचे. या दोहोंमधली जागा आपल्याच महाराष्ट्रातील बजाज ऑटोने २००१ साली पल्सर ही १५० आणि १८० सी.सी.ची गाडी आणून भरली. २००३ साली तिच्या इंजिनात एकाऐवजी दोन स्पार्क प्लग आले. दोन ठिकाणी ठिणगी पडली की मिश्रण लवकर आणि अधिक पुरते जळते, हे त्यामागचे तत्त्व. या वर्गातील गाडीचे वजन दीडशे किलोच्या आसपास आणि ताकद चौदा अश्वशक्तीच्या घरात असते, तर शंभर सी.सी.ची ताकद आठच्या घरात. या लेखापुरती मी १२५ ते १६० सी.सी.च्या गाडीला मध्यम गाडी म्हणतो.

चमचाभर पेट्रोल

एक लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल ऊर्जा असते. इंजिन त्यातील जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचवते. उरलेली सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या अंगातून हवेत जाते. मे महिन्यात सिग्नलला उभे असताना पोटरीला जी झळ लागते, ती आपण विकत घेतलेल्या पेट्रोलचीच असते.

आता चाकापर्यंत आलेली ऊर्जा कोठे जाते ते पाहू. गाडी दीडशे किलो आणि चालवणारा सत्तर किलो, म्हणजे एकूण २२० किलो. एवढे वजन उभ्या स्थितीतून ताशी ६० किलोमीटर वेगाला आणण्यासाठी सुमारे ३० किलोज्यूल लागतात. इंजिन पाचवाच हिस्सा वापरते असे धरले तर त्यासाठी १५० किलोज्यूलचे, म्हणजे जवळजवळ ५ मिलिलिटर पेट्रोल जळते. चहाचा एक चमचा! ब्रेक दाबला की ही सर्व ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत संपते. हाच हिशोब ताशी ४० च्या वेगासाठी केला तर सुमारे २ मिलिलिटर येतात, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हे वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे धोट्यासारखंच की!” जुन्या मागावर जड धोटा एका बाजूने फेकला जातो, दुसऱ्या बाजूच्या पेटीत थांबवला जातो आणि पुन्हा उलट फेकला जातो. कापडात जातो तो बाण्याचा बारीक धागा. फेकण्याची आणि थांबवण्याची शक्ती मात्र प्रत्येक फेरीत वाया जाते. बिनधोट्याचे माग आले त्यामागे हेही एक कारण आहे. गर्दीच्या रस्त्यावर दोन गतिरोधकांच्या मध्ये गाडी साठपर्यंत ताणून पुन्हा ब्रेक दाबणारा स्वार धोटाच फेकत असतो. दिवसातून वीस वेळा असे केले तर १०० मिलिलिटर पेट्रोल केवळ थांबण्यावर खर्च होते. लीटरचा भाव १०५ रुपये धरला तर हे साडेदहा रुपये झाले.

वारा आणि हवा

मोकळ्या रस्त्यावर थांबणे कमी, पण तेथे दुसरा खर्च सुरू होतो. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलो तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पण वाऱ्याचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. मोटारसायकलीवर माणूस शिडासारखा उघडा बसलेला असतो, त्यामुळे हा फरक चारचाकीपेक्षा स्वाराच्या अंगाला अधिक जाणवतो. एम.आय.डी.सी. ओलांडून अक्कलकोटच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना माळरान लागते. तेथे समोरून वारा असेल तर गाडी ओढत नाही असे वाटते. अशा वेळी दोष गाडीचा नसतो.

चाकातील हवेचेही तसेच. कमी हवेचा टायर रस्त्यावर चपटा होतो आणि प्रत्येक फेरीत मळल्यासारखा दबतो. या वर्गातील गाड्यांना मागच्या चाकात एकट्यासाठी साधारण २८ आणि डबल सीटसाठी ३२ पौंड हवा सांगितलेली असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. कोरडी, ताणलेली चेन आणि सुताच्या धुळीने बुजलेला एअर फिल्टर हेही पेट्रोल खातात. टॉवेलच्या कारखान्यांच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा फिल्टर वेळेआधीच उघडून पाहावा हे बरे.

छापील आकडा आणि खरा आकडा

जाहिरातीतील आकडा खोटा असतो, असे पुष्कळजण म्हणतात. तसे म्हणणे पुरते बरोबर नाही. भारतात वाहनांच्या चाचण्या घेणारी एक प्रमुख संस्था, ए.आर.ए.आय., १९६६ साली स्थापन झाली. पुण्यातील तिच्यामुळे तेथील टेकडीलाही लोक तेच नाव देतात. अधिकृत चाचणीत गाडी रोलरवर ठरावीक क्रमाने चालवली जाते. तेथे खड्डे नाहीत, समोरचा वारा नाही, मागे बसलेला भाऊ नाही. त्या आकड्याने दोन गाड्यांची तुलना करता येते, पण आपल्या रस्त्यावरचा आकडा आपल्यालाच काढावा लागतो.

शिवाय पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. आपल्या जिल्ह्यातील उसापासून साखर होते, तसे इथेनॉलही होते. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात टप्प्याटप्प्याने आले. लीटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. २०२१ साली नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात, अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. पन्नास देणाऱ्या गाडीला हा फरक दीड-दोन किलोमीटरचा झाला. ज्याच्या वडिलांचा ऊस कारखान्याला जातो आणि जो स्वतः गाडीवर कॉलेजला येतो, अशा मित्राने या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात.

एक समजूतही येथे तपासू. पहाटे थंड पेट्रोल भरले की जास्त भरते, असे सांगतात. पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते हे खरे, पण अंशाला हजारात एक भाग इतकेच. त्यातून पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तेथील तापमान सकाळ-दुपारी फारसे बदलत नाही. तेव्हा झोपमोड करण्यात अर्थ नाही.

चालवण्याचा अनुभव

अ‍ॅव्हरेजपुरतेच पाहायचे असेल तर शंभर सी.सी.ची हलकी गाडी नेहमीच जिंकेल. मग मध्यम गाडी कशासाठी? याचे उत्तर पाठीला आणि मनगटाला विचारावे. दिवसभर मागापुढे उभे राहिलेल्या माणसाला मागे बसवून, मध्ये जेवणाचा डबा आणि पिशवी ठेवून चढावर निघालो तर छोटी गाडी खालच्या गिअरमध्ये ओरडू लागते. मध्यम गाडी तेच ओझे वरच्या गिअरमध्ये सहज घेते. ताशी ४५ ते ५० च्या वेगात पाचव्या गिअरमध्ये तिचे इंजिन शांत असते, हँडलला मुंग्या येत नाहीत. ट्रकला ओलांडताना ताकद हाताशी असते, आणि जड असल्यामुळे ट्रकच्या वाऱ्याने ती कमी हलते. १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे आहे. ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, ही त्याची मोठी सोय.

गैरसोयीही आहेत. गर्दीत तिचे वजन मनगटावर येते, उन्हाळ्यात तिची धग जास्त लागते आणि टायर, चेन यांचा खर्च अधिक असतो. सर्वांत मोठा धोका म्हणजे ताकद हाताशी आहे म्हणून ती वापरण्याचा मोह. आम्हा तरुणांच्या हाती मध्यम गाडी आली की तिचे अ‍ॅव्हरेज आणि घरच्यांची झोप दोन्ही उडते, ते यामुळेच.

वहीतला हिशोब

खरा आकडा काढण्याची रीत सोपी आहे. एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर लावून, टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावे. दोन-अडीचशे किलोमीटर झाल्यावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावी. धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लीटरने भागावे. रिझर्व्हला लागण्यावरून केलेला अंदाज विश्वासाचा नसतो.

आम्ही असे दोन वेळा मोजले. पहिल्या वेळी नेहमीसारखी गाडी चालवली, तेव्हा ४४ आले. दुसऱ्या वेळी हवा तपासून, चेनला तेल देऊन, पन्नासच्या वर न जाता आणि पुढचा गतिरोधक दिसताच अ‍ॅक्सिलेटर सोडून चालवली, तेव्हा ५० आले. गाडी तीच, रस्ता तोच, माणसेही तीच.

रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर होतात. ४४ च्या हिशोबाने १७.७ लीटर, ५० च्या हिशोबाने १५.६ लीटर. १०५ रुपये भावाने महिन्याला सुमारे २२० रुपये वाचतात, वर्षाला अडीच हजारांहून अधिक. मोठ्या पगाराच्या माणसाला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. आमच्या घरी २२० रुपये म्हणजे आईने सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळलेल्या विड्यांची मजुरी.

यासाठी द्यावे काय लागते? पंधरा किलोमीटर ताशी साठने गेलो तर पंधरा मिनिटे, पंचेचाळीसने गेलो तर वीस. घरून पाच मिनिटे आधी निघाले म्हणजे झाले. वडील आता पाच मिनिटे आधी निघतात. त्यांना वेगळे काही शिकवावे लागले नाही. मागाच्या आवाजावरून कोठे बिघाड आहे ते ओळखणारा त्यांचा कान इंजिनचा त्रासही ओळखतो.

तात्पर्य, ‘किती देते?’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर कारखान्यात ठरते आणि निम्मे चालवणाऱ्याच्या उजव्या मनगटात. गाडी घेताना एकट्याने जायचे असेल तर छोटी घ्यावी. रोज दोघांनी मोकळ्या रस्त्याने जायचे असेल तर मध्यम गाडीने बिचकू नये. आणि जी घ्याल तिच्यासाठी दहा रुपयांची एक वही घालावी. आपल्या कॉलेजच्या आवारात रोज इतक्या गाड्या उभ्या असतात. त्यांतील पन्नास जणांनी जरी महिनाभर असा हिशोब ठेवला, तरी सोलापूरच्या रस्त्यांवरचा खरा आकडा काय, हे पुढल्या वर्षीच्या अंकात आपल्यालाच छापता येईल.