घरांतील मत्स्यालय आणि समुद्रघोडा



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी नात एक चित्रांचें पुस्तक घेऊन माझ्यापाशीं आली आणि म्हणाली, "आजोबा, आपण मासे पाळणार आहोंत ना? मग मला हा हवा." तिनें बोट ठेवलें होतें तें समुद्रघोड्याच्या चित्रावर. मुलांच्या हट्टाला 'नाहीं' असें एका शब्दांत उत्तर देणें सोपें असतें. परंतु ज्यानें तीस-बत्तीस वर्षें हातांत खडू धरला त्याला कारण सांगितल्यावांचून नाहीं म्हणण्याची संवय राहत नाहीं. म्हणून तिला जें सांगितलें तेंच आज आपणांपुढें थोड्या विस्तारानें मांडतों. समुद्रघोडा घरीं कां आणूं नये, आणि त्याच्या ऐवजीं नागपुरासारख्या गांवीं माशांची टाकी कशी उभारावी, हे आजचे दोन विषय.

समुद्रघोडा नांवानें घोडा असला तरी खरोखर मासाच आहे. त्याला कल्ले आहेत, पर आहेत. मात्र खवल्यांच्या जागीं हाडांच्या कड्यांचें चिलखत आहे. तो उभा राहून पोहतो. पाठीवरचा लहानसा पर एका सेकंदांत तीस-पस्तीस वेळां फडफडवावा तेव्हां कोठें तो हळूहळू पुढें सरकतो. त्यामुळें प्रवाह आला कीं शेंपटीनें गवताचें पातें किंवा पोंवळ्याची फांदी घट्ट धरून बसणें एवढाच त्याचा बचाव. त्याला दांत नाहींत आणि जठरही नाहीं. नळीसारख्या तोंडानें तो बारीक कोळंबीसारखे जीव सपकन् ओढून घेतो. तें अन्न आंत फार वेळ टिकत नाहीं, म्हणून त्याला दिवसांतून अनेकदां खावें लागतें. सर्वांत नवलाची गोष्ट अशी कीं, पिलांना जन्म देतो तो बाप! मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत घालते. तेथें तीं दोन ते चार आठवडे वाढतात आणि मग नराच्या पिशवींतून शेंकडों इवलीं पिलें बाहेर पडतात.

आतां असा जीव पाळावयाचा तर काय काय लागेल तें पाहूं. प्रथम खारें पाणी. एका लिटरास सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार, आणि तेही स्वयंपाकघरांतील मीठ नव्हे, तर समुद्रांतील सर्व क्षारांचें मिश्रण. हें प्रमाण रोज मोजावें लागतें. कारण पाणी वाफ होऊन उडतें, क्षार मागें राहतात आणि खारेपणा वाढत जातो. टाकी उंच हवी, निदान दीड फूट. कारण नर-मादींची जोडी जमते ती उभ्यानें वर चढत. पाण्याचा प्रवाह मंद हवा, शेंपटीनें धरावयास आधार हवेत आणि सोबतीला चपळ मासे मुळींच नकोत. नाहींतर हा संथ प्राणी उपाशी राहतो. पाणी चोवीस अंशांच्या आसपास ठेवावें लागतें. तें तापलें कीं रोगजंतु बळावतात. ज्या गांवीं मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि जेथून मुंबईचा समुद्र आगगाडीनें आठशें किलोमीटरांहून दूर आहे, तेथें हें जमविणें म्हणजे यंत्राच्या भरंवशावर एका जिवाला टांगून ठेवणें होय. वीज एक दुपार गेली कीं सारें संपलें.

परंतु ही अडचण नसती तरीही माझें उत्तर 'नाहीं' असेंच असतें. आपल्या देशांत १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि २००१ सालीं समुद्रघोडे त्याच्या संरक्षणाखालीं आले. त्यांना समुद्रांतून धरणें, विकणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. हें कशासाठीं? तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, पाल्कच्या उपसागरांत व मन्नारच्या आखातांत, पूर्वी हे मासे धरून वाळवीत आणि चिनी औषधांसाठीं परदेशीं पाठवीत. शिवाय कोळंबीच्या जाळ्यांत ते आपोआप सांपडतात ते वेगळेच. ज्या समुद्री गवतांत ते राहतात तें गवतही अशा जाळ्यांनीं उखडलें जातें. जो प्राणी पळूं शकत नाहीं आणि ज्याचा एक नर मारला कीं त्याच्या पिशवींतील सारी संततीही मरते, त्याची संख्या घटावयास वेळ लागत नाहीं. मे २००४ पासून समुद्रघोड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही निर्बंधाखालीं आहे. म्हणून कोणी दुकानदार हळूच कानांत सांगूं लागला कीं 'साहेब, मागवून देतों', तर त्याला हात जोडावे. आपला एक रुपया तेथें गेला तर समुद्रांत आणखी एक जाळें पडतें.

हें ऐकून माझी नात हिरमुसली. क्षणभरानें तिनें विचारलें, "मग दुसरे मासे आणले तर ते मरणार नाहींत ना?" ह्या प्रश्नानें मला एक जुनी गोष्ट आठवली, ती आपणांसही सांगतों, कारण ती चूक माझी होती आणि ती घरोघर होते.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मीं माझ्या वर्गांत एक कांचेची टाकी ठेवली. सकाळीं ती नळाच्या पाण्यानें भरली आणि दुपारीं दहा सोनेरी मासे तींत सोडले. मुलें हरखून गेलीं. प्रत्येकानें चिमूट चिमूट खाद्य घातलें. तिसऱ्या दिवशीं पाणी गढूळ झालें, म्हणून मीं टाकी सोड्यानें लख्ख घासून पुन्हां ताजें पाणी भरलें. आठवड्याच्या आंत दहाही मासे मेले. एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, आपण त्यांना रोज खायला दिलें, पाणीही बदललें, मग ते मेले कशानें?" मला उत्तर देतां आलें नाहीं. आज देतों.

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्याच पाण्यांत मलमूत्र टाकतो. त्यापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया नांवाचें विष तयार होतें. तळ्यांत वा नदींत तें सांचत नाहीं. कारण तेथें दगडांवर व वाळूंत सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. तेंही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात. तें फारसें बाधत नाहीं आणि पाणवनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडतें. नव्या टाकींत हे जंतु नसतात. त्यांची वस्ती जमावयास चार ते सहा आठवडे लागतात. मीं एकाच दिवशीं दहा मासे सोडले, आणि जी थोडी वस्ती जमूं लागली होती ती सोड्यानें घासून काढली. त्यांतून नळाच्या पाण्यांतील क्लोरीन! आपल्यासाठीं तें जंतुनाशक आहे, पण माशांचे कल्ले त्यानें भाजतात. ते मासे अस्वच्छतेनें मेले नाहींत. माझ्या अज्ञानानें व घाईनें मेले.

वनस्पति व प्राणी एकमेकांना पाण्यांत जगवितात हें तत्त्व १८५० सालीं लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें कांचेच्या भांड्यांत मासे, पाणगवत व गोगलगायी एकत्र ठेवून दाखविलें. पुढें १८५३ मध्यें तेथील प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें. आपल्याकडे माशांचें निरीक्षण त्याहून जुनें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण असून, त्यांत माशांच्या जाती व त्यांचें खाद्य यांची माहिती आहे.

आतां टाकी कशी उभारावी तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट जागेची. लहान गोल भांडें घेऊं नये. पाणी जितकें थोडें तितकें तें लवकर बिघडतें. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी टाकी नवशिक्यास योग्य. तींत सुमारें साठ लिटर पाणी मावतें; म्हणजे कांच, वाळू धरून पाऊण क्विंटलाच्या वर वजन झालें. तेव्हां टाकीखालीं भक्कम व सपाट मेज हवें. खिडकीचें ऊन टाकीवर पडूं देऊं नये. त्यानें पाणी तापतें व शेवाळ माजतें. दिव्याचा प्रकाश दिवसाकांठीं आठ तास पुरे. विजेच्या तारा टाकीपासून खालीं झोळ देऊन मग खटक्याकडे न्याव्या, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी खटक्यांत शिरत नाहीं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या नागपुरास पेंच व कन्हान येथून शुद्ध केलेलें पाणी येतें. तें पसरट बादलींत चोवीस तास उघडें ठेवावें, किंवा दुकानांत मिळणारें क्लोरीननाशक औषध प्रमाणांत घालावें. तळाशीं धुतलेली जाड वाळू दोन बोटें पसरावी, तींत हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया लावावें आणि हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी. ही गाळणीच आपल्या उपकारी जंतूंचें घर.

तिसरी गोष्ट धीराची. मासे न सोडतां महिनाभर रोज चिमूटभर खाद्य पाण्यांत टाकावें. ओळखीच्या कोणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिच्या गाळणींतील स्पंजाचा तुकडा आणावा. जंतूंचें विरजण लागतें. दुधाचें दहीं जसें घाईनें होत नाहीं तसेंच हें. पाणी तपासण्याच्या साध्या संचानें अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसूं लागले म्हणजे टाकी तयार झाली.

मग मासे. एका वेळीं दोन-तीनच आणावे. पिशवी न उघडतां पंधरा-वीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर टाकींतलें थोडें थोडें पाणी तींत घालावें आणि जाळीनें मासे उचलून सोडावे. साठ लिटरांत लहान आकाराचे आठ-दहा मासे पुष्कळ झाले. सोनेरी मासा नवशिक्यानें टाळावा. तो मोठा होतो, घाण फार करतो आणि त्याला थंड पाणी मानवतें. आपल्याकडे पट्टेदार झेब्रा मासा, गप्पी किंवा रंगीत गुरामी बरी. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, सगळें कधींच नाहीं. आणि स्पंज काढलेल्या पाण्यांतच पिळून घ्यावा, नळाखालीं नव्हे.

नागपुरांत खरी परीक्षा उन्हाळ्याची. वीस अंशांच्या पाण्यांत लिटरामागें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तीस अंशांवर साडेसातच. म्हणून मे महिन्यांत मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. त्यावेळीं झांकण काढून जाळी ठेवावी आणि पाण्यावर लहान पंखा सोडावा. वाफ होतांना पाणी दोन-तीन अंश उतरतें. माठाचें पाणी गार होतें तेंच हें तत्त्व. बर्फ एकदम टाकूं नये. वीज जाईल तेव्हांसाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. डिसेंबर-जानेवारींत मात्र उलट. तेव्हां थर्मोस्टॅटचा हीटर लागतो.

आणखी एक गोष्ट कळकळीची. मासे नकोसे झाले म्हणून ते फुटाळ्यांत किंवा अंबाझरींत सोडूं नयेत. त्यांत दया नाहीं. परके मासे तेथील मूळच्या माशांचें अन्न व अंडीं खातात. दुकानदारास किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावे. अडचण पडल्यास आपल्याच गांवीं तेलंखेडीस मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे; तेथील जाणत्यांना विचारावें. आणि कोकणांत जाणें झालें तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचें मत्स्यालय मुलांना जरूर दाखवावें.

आमच्या घरची टाकी महिनाभर रिकामीच होती. नात रोज येऊन विचारी, "आजोबा, आज मासे?" आणि मी म्हणें, "अजून विरजण लागावयाचें आहे." पुढें गुरामीची एक जोडी आली. पावसाळ्यांत एका सकाळीं नरानें पाण्यावर बुडबुडे सोडून, त्यांत गवताचे तुकडे गुंफून फेसाचें घरटें बांधलें. अंडीं घातल्यावर मादीला आम्हीं दुसऱ्या भांड्यांत काढलें, कारण तो तिला जवळ फिरकूं देईना. घसरलेलें अंडें तोंडांत धरून तो पुन्हां घरट्यांत ठेवी. नात बराच वेळ कांचेला नाक लावून उभी होती. मग म्हणाली, "आजोबा, ह्याच्यांतही बाबाच सांभाळतात!"

समुद्रघोड्याचें चित्र तिच्या टेबलावर अजून आहे. तो जेथें आहे तेथेंच असावा, हें आतां तीच मैत्रिणींना सांगते.