नेटवरचा घरचा फोन : ऐकीव किती, खरं किती

फायबरचं इंटरनेट घेतलं की त्याच जोडणीवर घरचा लँडलाइन फोनही चालू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, त्यांच्यातलेही अनेक जण राउटरच्या मागची फोनची खाच रिकामीच ठेवतात. कारण विचारलं तर ऐकीव गोष्टी पुढे येतात. मुलं पुण्या-मुंबईला आणि म्हातारी माणसं गावाकडं, असं चित्र असलेल्या तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीसारख्या गावात ही सोय वाया जाणं मला बरोबर वाटत नाही. मोबाइलवर बोट नीट न चालणाऱ्या आजीला रिसीव्हर उचलणं सोपं जातं.

पहिला गैरसमज असा, की हा व्हॉट्सअ‍ॅप कॉलसारखाच प्रकार आहे. तसं नाही. या फोनला रीतसर नंबर असतो आणि त्याला आपल्या भागाचा एसटीडी कोड असतो. तुळजापूर तालुक्याचा तो 02471. समोरच्याकडे नेट नसलं, साधा बटणांचा मोबाइल असला, तरी कॉल लागतो. जुन्या काळी संगणकावरून देशातल्या फोन नंबरला कॉल लावायला मनाई होती. 2002 साली इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली तेव्हाही ही मर्यादा राहिली. दूरसंचार विभागाने 2018 मध्ये ती उठवली. ‘नेटवरून फोन म्हणजे काहीतरी बेकायदा’ हा समज त्या मनाईच्या काळातला असावा. टेलिफोन कंपनीने फायबरवर दिलेली लँडलाइन ही रीतसर परवान्याखालची सेवा आहे.

फोन आला, पण त्यावरून मोबाइल लागत नाही, अशीही तक्रार ऐकू येते. यात बहुतेकदा बिघाड नसतो. 15 जानेवारी 2021 पासून कोणत्याही लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं.

आता सर्वांत घातक गैरसमज : ‘लँडलाइन आहे, लाइट गेली तरी चालणारच.’ तांब्याच्या तारेचा जुना फोन चालायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच त्या तारेने यायची. तिथे बॅटऱ्यांची रांग असायची आणि 48 व्होल्टचा दाब तारेवर कायम असायचा. सगळं गाव अंधारात असलं तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. फायबर ही काच आहे. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरात बसवलेला डबा, म्हणजे ओएनटी, प्रकाशाचा आवाज करतो आणि आवाजाचा प्रकाश, आणि तो चालतो आपल्याच भिंतीतल्या प्लगवर. महावितरणची वीज गेली की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. वीज परत आली तरी डब्याला लाइन धरायला दोन-तीन मिनिटं लागतात.

यावर उपाय साधा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवा. घेताना डब्याच्या अ‍ॅडॅप्टरवरचा आकडा बघा, बहुतेकदा तो 12 व्होल्ट असतो. यूपीएसही तेवढ्याच व्होल्टचा हवा आणि अ‍ॅम्पिअर अ‍ॅडॅप्टरपेक्षा कमी नको. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बैठकीलाही वीज लागते, म्हणून वायरचा साधा फोन उत्तम. मात्र एवढ्याने भागत नाही. ज्या ठिकाणाहून तुमची फायबर निघते, तिथल्या यंत्रालाही वीज लागते. कनेक्शन देणाऱ्याला ‘तुमच्याकडे बॅकअप किती तासांचा?’ हे आधीच विचारा. वेगाचे आकडे सगळेच सांगतात, हा आकडा मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

‘फोनवर बोललं की डेटा संपतो, नेट मंदावतं’ या भीतीत फारसा दम नाही. एका संभाषणाला दोन्ही दिशांना सेकंदाला शंभर किलोबिटच्या आतबाहेर जागा पुरते. तासभर बोललं तरी शंभर एमबीच्या आतच. बहुतेक कंपन्या आवाजासाठी वेगळी वाट ठेवतात. फोन वायरने डब्याला जोडलेला असल्यामुळे वायफायची रेंज मागच्या खोलीत पोचते की नाही, याचाही त्याच्याशी संबंध नाही. जुना बटणांचा फोन सहसा तसाच चालतो. गोल चकती फिरवायचा फोन मात्र बऱ्याच डब्यांना कळत नाही.

हा डबा उचलून पुण्यात मुलाकडे नेला तर तोच नंबर तिथे वाजेल, असं समजू नका. नंबर त्या घराच्या लाइनला बांधलेला असतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तर नेट आणि फोन दोन्ही एकदमच जातात. डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला की दोष बाहेरच्या तारेत आहे असं समजावं आणि डबा बंद-चालू करत बसण्याऐवजी तक्रार नोंदवावी.

कोजागिरीच्या आगेमागे सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांनी तामलवाडीचा रस्ता भरून जातो. मोबाइल टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्यांत वाटली जाते, त्यामुळे अशा गर्दीत कॉल अडकू शकतात. घरच्या फायबर फोनची वाट त्या टॉवरवरून जात नाही. समोरचा त्याच गर्दीत मोबाइलवर असेल तर त्याला अडचण येईलच, पण दवाखान्याला किंवा दुसऱ्या लँडलाइनला फोन लावायला हा उपयोगी पडतो.

फसवणूक करणारे लँडलाइनवर येत नाहीत, हेही खरं नव्हे. ‘ट्रायकडून बोलतोय, तुमचा नंबर बंद होणार’ असा फोन आला तर ठेवून द्या. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, कोणाचाही नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

फोन बसवणारा माणूस घरात असतानाच मेन स्विच बंद करायला सांगा आणि रिसीव्हर कानाला लावून बघा. टोन आला नाही, तर छोटा यूपीएस बसेपर्यंत आई-वडिलांचा मोबाइल चार्ज राहील एवढं पाहा. तसंच अडीअडचणीचा 112 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवा.