मुंबईचे पंचांग

पंचांग काहीही म्हणो, मुंबईचे वर्ष एकाच पाडव्याला सुरू होत नाही. चैत्रात गिरगावात गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते, आषाढीला वडाळ्याच्या विठोबापुढे रांग लागते. भाद्रपदात गणपती, केशवजी नाईकांच्या चाळीतला सार्वजनिक उत्सव तर १८९३ पासूनचा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जनसागर लोटतो, आणि त्याच महिन्यात माहीमच्या दर्ग्याची जत्रा भरते. तिथे पहिला मान मुंबई पोलिसांचा!

वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा मात्र मला आईमुळे कळली. ८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन ती आठवडाभर चालते. आई तशी सोवळ्यातली. पण माझ्या धाकट्या भावाचा पाय मोडला, तेव्हा आमच्या चाळीतल्या ख्रिस्ती शेजारीणबाईंबरोबर टेकडी चढून ती मेणाचा पाय वाहून आली.

"आपल्या देवांना काय वाटेल गं?" मी थट्टेने विचारले.

"वाटायचंय काय? तिच्याही कडेवर लेकरू आहेच की!"

पाय बरा झाला. श्रेय आम्ही डॉक्टरांना दिले. आईने मोतमाउलीलाही दिले.

आज आई नाही, आमची चाळही नाही. शेजारीणबाई वसईला राहायला गेल्या. सणांच्या तारखा कॅलेंडरात सापडतात. पण कोणत्या जत्रेला कोणाचा हात धरून जायचे, ते शेजारच सांगतो. नव्या इमारतीत समोरच्या बिऱ्हाडाचे आडनाव मला अजून पाटीवर वाचावे लागते.

यंदा फराळाचे पहिले ताट त्याच दाराशी नेणार आहे.