गडावर पाणी कुठून येते?

वेल्ह्यात एसटीतून उतरले की समोर तोरणा उभा दिसतो. त्याची उंची १४०३ मीटर. डिसेंबरात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तो चढलो. धापा टाकत दरवाजातून आत गेलो. कातळात खोदलेल्या टाक्यातले पाणी पाहून एका मुलीने विचारले, "एवढ्या वर पाणी चढलं कसं?" शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "पोटातून झरा वर येतो. आजोबा सांगतात."

हे कितपत खरे? जमिनीखालचे पाणी दाबामुळे वर येऊ शकते. पण त्यासाठी ते आणखी उंच जागी मुरलेले असावे लागते. तोरण्याजवळ त्याहून उंच डोंगर नाही, आणि भोवती खोल दऱ्या आहेत. म्हणजे हे पाणी खालून आलेले नाही. ते गडाच्या माथ्यावरच पडलेले पावसाचे पाणी आहे.

मग ते टिकते कसे? याचे उत्तर वाटेवरच होते. तोरण्याची चढण पायऱ्यापायऱ्यांची आहे: एक कडा, मग उतार, पुन्हा कडा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरून हे डोंगर बनले. घट्ट थरांचे कडे झाले. बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिलेले थर लवकर झिजून उतार झाले. काही थरांमध्ये लाल मातीचा पट्टाही दिसतो. पाणी भेगांतून झिरपत खाली जाते, न झिरपणारा थर लागला की आडवे सरकते आणि उतारावर पाझरते. टाक्यांत थेट पडलेला पाऊस साठतो, आणि जिथे असा पाझर असतो तिथे त्याची भर पडते.

शाळेत हे करून पाहता येईल. उतरत्या पाटावर ओल्या शाडूचा थर द्या, त्यावर वाळूचा ढीग करा आणि झारीने पाणी घाला. झारी थांबल्यावरही खालच्या कडेने पाणी ठिबकत राहील. आता लहान ढीग घ्या. ठिबकणे लवकर थांबेल.

वेल्हे-भोरच्या डोंगरातल्या वाड्यांचे दुखणे हेच आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण खडकातल्या भेगांत साठा थोडा आणि उतार तीव्र. बरेचसे पाणी ओढ्यांनी खाली गुंजवणी, भाटघरच्या धरणांत जाते. उन्हाळ्यात झरे आटतात आणि जलाशय डोळ्यांसमोर असूनही वरच्या वाडीत हंडे रिकामे राहतात.

परतताना मुलांनी पायथ्याच्या झऱ्याखाली बादली धरली आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून मोजले. हेच दर महिन्याला, गावकऱ्यांना विचारून, मोजत राहिले तर वर्षअखेर झरा कधी क्षीण होतो ते आकड्यांत दिसेल. कोणत्या उतारावर चर खणून पाणी मुरवायचे, याचा विचार करायला ती वही गावालाही उपयोगी पडेल.