संथ शनिवार-रविवार : वाचन, श्रवण आणि साधी दिनचर्या



शनिवारी सकाळची शाळा सुटली की सोमवारपर्यंत तुमच्या हातात दीड दिवस असतो. पण रविवारी रात्री दप्तर भरताना 'सुट्टी कुठे गेली, कळलंच नाही' असं किती वेळा म्हणता? थोडा क्लास, राहिलेला गृहपाठ आणि मधल्या वेळात मोबाईल, एवढ्यात ती संपून जाते. आज आपण संथ सुट्टी म्हणजे काय आणि ती कशी घालवावी, हे पाहू.

संथ म्हणजे आळशी नव्हे, बरं का! थोड्याच गोष्टी करायच्या, पण घाई न करता आणि पूर्ण करायच्या, म्हणजे संथ सुट्टी.

रविवारची सुट्टी आली कुठून?

ही सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतले कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. त्यांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन ही मागणी पुढे आणली. त्यानंतर सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. जो दिवस आपण सहज घालवून टाकतो, तो कोणीतरी झगडून मिळवलेला आहे.

दिनचर्या कशी असावी?

१) शनिवारी दुपारी : जेवून थोडी विश्रांती घ्या आणि गृहपाठ त्याच दिवशी उरका. राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं आणि मग खेळातही मन लागत नाही.

२) रविवारी सकाळी : तासभर उशिरा उठलात तरी चालेल, पण दहा वाजवू नका. मग रात्री झोप येत नाही आणि सोमवार जड जातो. उठल्यावर पहिला तास मोबाईल दूर ठेवा आणि चहा-नाश्त्यानंतर निदान अर्धा तास पुस्तक वाचा.

३) दुपारी : ऐकण्याची वेळ. ऐकताना हात रिकामे असतात. शेंगा सोला, भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला.

४) संध्याकाळी : मैदान, शेत, टेकडी, नदीकाठ, जे जवळ असेल तिथे जा. रात्री दप्तर भरून वेळेवर झोपा.

काय वाचावे?

पुस्तक निवडताना आपल्याकडे वेळ किती आहे, ते आधी पाहा.

अर्धाच तास असेल तर पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' घ्या. यातलं प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र आहे. कुठूनही उघडा, एका बैठकीत एक माणूस भेटतो.

घरच्यांसोबत मोठ्याने वाचायचे असेल तर साने गुरुजींची 'श्यामची आई'. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. यात प्रकरणांऐवजी 'रात्री' आहेत, एकूण ४२. शनिवारी एक आणि रविवारी एक वाचली तर पुस्तक २१ आठवडे पुरतं!

संपूर्ण सुट्टी मोकळी असेल तर व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५). माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि शाळा उभी करू पाहतो, अशी ही छोटी कादंबरी. मोठ्या वर्गातल्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' जरूर वाचावीत.

अडलेल्या प्रत्येक शब्दाला थांबू नका. पेन्सिलीने बारीक खूण करा आणि अर्थ नंतर पाहा. वीस पानं वाचूनही पुस्तक आवडलं नाही, तर खुशाल बदला.

काय ऐकावे?

पॉडकास्ट हा शब्द नवा, पण ऐकण्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे. कीर्तनाला गाव रात्र रात्र बसत असे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला गर्दी होत असे.

आज बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' हा पॉडकास्ट ऐकता येईल. जगातला एखादा विषय घेऊन तो सोप्या मराठीत उलगडून सांगतात. सामान्यज्ञानासाठीही तो उपयोगी आहे.

एक गंमत करून पाहा. 'व्यक्ती आणि वल्ली'मधला 'अंतू बर्वा' आधी वाचा. मग तोच पु. लं.च्या आवाजात ऐका. ते कुठे थांबतात, कुठे आवाज खाली आणतात, याकडे लक्ष द्या. विरामचिन्हं कशासाठी असतात, ते वेगळं शिकवावं लागणार नाही. ऐकताना वेग मात्र वाढवू नका.

सुट्टी नक्की कोणाची?

आता एक प्रश्न. तुमच्या घरात रविवारी सुट्टी कोणाला असते? बहुतेक घरांत आईचं काम त्या दिवशी वाढतं. जेवणाचा खास बेत, जास्तीची धुणी, आले-गेले पाहुणे. आपला दिवस संथ जावा म्हणून दुसऱ्याची धावपळ होत असेल, तर ती संथ सुट्टी कसली?

म्हणून एका वेळी साधी खिचडी करा आणि ती बाबांनी व मुलांनी मिळून करावी. आईला तासभर वेळ द्या. त्या तासात तिने काय करायचं, ते तिचं ती ठरवेल. वाचेल, गाणी ऐकेल, नाहीतर नुसती पडून राहील. 'मीठ कुठे आहे?' असं विचारायला मात्र जाऊ नका!

काही घरांत रविवारी बाजार असतो, शेतात काम असतं, कोणाच्या आईबाबांची ड्युटी असते. अशा घरांनी आठवड्यातले दुसरे दोन तास निवडावेत. वार कोणता, याला महत्त्व नाही.

उपक्रम

वहीत तीन रकाने आखा : या आठवड्यात मी काय वाचलं, काय ऐकलं आणि घरातल्या कोणाला सुट्टी दिली. प्रत्येक रकान्यात एक-दोन वाक्यं पुरेत. महिनाभर लिहा. पहिले दोन रकाने हळूहळू भरतीलच. तिसरा रकाना रिकामा राहू देऊ नका.