वेग आणि धक्का

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली मोटार पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. घोड नदीकाठचे शिरूर याच मार्गावर आहे. आजही शिरूरहून एस. टी. सुटताना उभे असलेले उतारू मागे झुकतात आणि ब्रेक लागताच पुढे झुकतात. मात्र सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एकाच वेगाने धावू लागली, की ते निवांत उभे राहतात. असे का होते?

मुलांनो, आपल्या शरीराला वेग जाणवत नाही. वेगातील बदल जाणवतो. वेग ज्या प्रमाणात बदलतो, त्यास त्वरण म्हणतात. गाडी निघते तेव्हा पाय तिच्याबरोबर पुढे जातात. परंतु जडत्वामुळे धड जागीच राहू पाहते. तळपायांवरचा आणि पाठीवरचा दाब हे आपणांस सांगतो. शिवाय आतल्या कानात एका मऊ, चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. ते सरकले, की त्यांखालचे केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूस वार्ता पोहोचते. वळणाची वार्ता तेथीलच तीन अर्धवर्तुळाकार नलिका देतात.

त्वरण हळूहळू वाढले, तर स्नायू तोल सावरतात. ते एकाएकी बदलले, तर सावरण्यास अवधी मिळत नाही. यालाच आपण धक्का म्हणतो. म्हणून कुशल चालक गाडी थांबण्याच्या क्षणी ब्रेक किंचित सैल करतो.

शिरूरहून दौंडला गेलात, तर तेथील रेल्वे जंक्शनवर आणखी एक मौज अनुभवास येईल. शेजारची आगगाडी हलली, की आपलीच गाडी सुटली असे वाटते. गाडी फार हळुवार सुटली, तर आतल्या कानास तो बदल जाणवत नाही. म्हणून मेंदू डोळ्यांवर विसंबतो व फसतो. दुसऱ्या बाजूच्या फलाटाकडे पाहताच भ्रम दूर होतो.

वेग जाणवत नाही, यातच मोठा धोका आहे. फलाटाशी येणारी गाडी ताशी १८ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर आतील उतारूही सेकंदास ५ मीटर पुढे जात असतो. त्याला मात्र आपण स्वस्थ उभे आहोत असेच वाटते. अशा वेळी तो खाली उतरला, तर पाय जमिनीवर थबकतात आणि धड त्याच वेगाने पुढे झेपावते. म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावाचून कधीही उतरू नये.