स्कॅन करण्याआधी, स्कॅन केल्यावर

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपने स्कॅन केला, की अभ्यासाचे व्हिडिओ आणि इतर साहित्य उघडते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेली ही सोय मोफत आहे.

पण रस्त्यावरच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोडचे काय? लिंक उघडण्याआधी पत्ता वाचण्याची सवय वर्गातच लावावी. दीक्षाचा मूळ पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो. हे शब्द मध्येच घुसडलेले आणि शेवट भलताच असेल, तर ती लिंक बनावट समजावी.

ओटीपी, पासवर्ड, घरचा पत्ता, फोटो अनोळखी माणसाला देऊ नयेत. चूक झालीच तर मूल न घाबरता सांगेल, असे वातावरण हवे. पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.